डब्लिनचे डोंगर आणि लष्कराचा रस्ता



डब्लिनमधे आलेल्या पुणेकराला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात आवडते. शहराच्या दक्षिणेला डोंगर दिसतात! ही विकलोची रांग. सर्वात उंच शिखर लुगनाक्विला, ९२५ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही ठेंगणं. त्यामुळे पहिल्या वर्षी मी पातळ जर्किन घालून वर गेलो आणि दात वाजवत खाली आलो. शहरात पाऊस वर्षाला साधारण ७५० मिलीमीटर, जवळजवळ पुण्याइतकाच. पण आपला चार महिन्यांत उरकतो, हा बारा महिने ठिबकतो. माथ्यावर तर झाड नाही, आडोसा नाही, नुसता भणाण वारा.

ह्या गारठ्याने माणसं मारली आहेत. जानेवारी १५९२ मधे एकोणीस वर्षांचा ह्यू ओ'डॉनेल आणि आर्ट ओ'नील डब्लिनच्या किल्ल्यातून, इंग्रजांच्या कैदेतून निसटले. आग्र्याहून सुटकाच म्हणा, पण पेटारे नाहीत आणि अंगावर धड कपडेही नाहीत. जायचं होतं पन्नासेक किलोमीटरवरच्या ग्लेनमलूर खोऱ्यात. तिथला सरदार फिआख ओ'बर्न इंग्रजांना जुमानत नसे. १५८० मधे त्याने त्याच खोऱ्यात त्यांची फौज कापून काढली होती. त्याची माणसं मदतीला पोचली तोवर दोघे बर्फात गोठलेले. आर्ट तिथेच गेला. ह्यू वाचला, पण पायाचे दोन्ही अंगठे गमावून.

पुढे १७९८ चा उठाव फसला, तरी मायकेल ड्वायर पाच वर्षं ह्याच डोंगरांत लपून लढत राहिला. राजधानी इतकी जवळ, पण फौजेला वर जायला वाटच नाही! मग सरकारने १८०० मधे लष्करी रस्ता काढायला घेतला, वाटेत बराकी बांधल्या. रस्ता पुरा झाला १८०९ साली. ड्वायर १८०३ च्या डिसेंबरातच शरण आला होता. वरातीमागून घोडं! त्याला ऑस्ट्रेलियाला धाडलं, आणि गंमत बघा, पुढे तो तिथल्या लिव्हरपूल गावचा मुख्य कॉन्स्टेबल झाला.

आम्ही रविवारी ह्याच रस्त्याने गाडी काढतो. ग्लेनक्रीच्या जुन्या बराकीत १९७४ पासून उत्तर आयर्लंडच्या भांडणात समेट घडवणारी संस्था आहे. तिथे थांबून थर्मासातला चहा घेतो.

कोणी येणार असाल तर जाड जर्किन आणा. जुलैतसुद्धा.