परड्यांतले पाहुणे

इतिहास म्हटला कीं किल्ले, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. घरामागच्या चार वाफ्यांनाही इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दक्षिण कोंकणांत, कणकवली तालुक्यांतील नांदगांवासारख्या गांवीं, परसाला परडें म्हणतात. आज नांदगांवावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, कोंकण रेल्वेचें स्थानकही आहे, आणि घाटावरची भाजी दारांत येते. पण जेव्हां धड रस्ते नव्हते आणि पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे गलबतें व आगबोटी बंद पडत, तेव्हां घराला भाजी पुरविण्याचा सारा भार परड्यावर असे. परडें साधलें नाहीं तर कुळथाची पिठी आणि फणसाच्या आठळ्या यांवरच दिवस काढावे लागत.

अशा मुलुखांत बाग उठविणें सोपें नव्हे. जमीन जांभ्याची, अंगची आंबट. पाऊस शंभर इंचांहून अधिक, मातीचा कस धुवून नेणारा. म्हणून मृग नक्षत्राआधीं आळें हातभर खणून त्यांत शेणखत, पालापाचोळा आणि चुलींतली राख भरीत, आणि पाणी सांचून मूळ कुजूं नये यासाठीं माती भुईच्या वर उचलून मग बीं टोंचीत. वेल वर चढूं लागला कीं मांडव. भात कापून झाल्यावर कार्तिकांत विहिरीजवळ मुळा, तांबडा माठ, मिरची यांचे वाफे. हे मात्र खोलगट, कारण आतां पाणी राखावयाचें असे. न्हाणीचें पाणी अळवाला आणि केळींना. राख मातीचा आंबटपणा मोडते हें रसायनशास्त्रानें मागाहून समजाविलें. बायका राख टाकीतच होत्या.

या बागेसाठीं धर्मानेंही एक दिवस राखून ठेविला आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य. नांगर फिरलेल्या शेतांतलें कांहीं चालत नाहीं. माणसानें हातानें खणून पिकविलेलें चालतें. म्हणजे परड्यांतलें. अळूं, माठ, भेंडी, पडवळ, शिराळें, सुरण, लाल भोपळा, मक्याचें कणीस असें सारें त्या दिवशीं अनेक घरीं एकत्र शिजतें. ऋषींच्या नांवाची ही भाजी प्राचीन काळापासून अशीच चालत आली असेल, असें खाणाऱ्याला वाटतें. तसें नाहीं. पडवळ येथलें जुनें. परंतु लाल भोपळा आणि मका हे दोघेही मूळचे अमेरिकेचे. कोलंबस तिकडे १४९२ सालीं पोंचला, वास्को द गामा कालिकतला १४९८ सालीं उतरला, आणि १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. हे पाहुणे या किनाऱ्यावर आले ते त्यानंतर.

आल्यावर त्यांनीं घरच्यांचीं नांवें घेतलीं. वीणेला लागतो तो भोपळा जुना. त्याचें नांव नव्या तांबड्या फळानें उचललें. मिरचीला मालवणींत मिरसांग म्हणतात. सांग म्हणजे शेंग. मिऱ्यांची ओळख होतीच, तिच्या आधारानें नवी शेंग स्वयंपाकघरांत शिरली. एकादशीच्या ताटाची कथा तर याहून मौजेची. रताळें, बटाटा, शेंगदाणा, आणि ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंदही, सर्व अमेरिकेचें!

ज्या सत्तेनें सोळाव्या शतकांत गोव्यांतलीं देवळें पाडलीं, बहुधा तिच्याच जहाजांतून आलेलें फळ व्रताच्या भाजींत मानानें पडलें, ही गोष्ट लहान नव्हे. त्याची जात-पात कोणी विचारली नाहीं. तें कोणाच्या हातानें उगवलें एवढेंच पाहिलें. तो हात बहुधा बाईचा होता. तिचें नांव कोणत्याही दप्तरांत नाहीं. पुरावा आहे तो ताटांत.

मार्च १९४२ मध्यें रंगून जपानच्या हातीं पडलें, ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, आणि 'अधिक धान्य पिकवा' अशी हांक सरकारनें दिली. तिकडे लंडनांत हाइड पार्कची हिरवळ खणून भाजी लाविली जात होती. परडें संभाळणाऱ्या बाईला त्यांत नवल करण्यासारखें फारसें कांहीं दिसलें नसतें.

परड्याचें खरें धन म्हणजे बीं. चांगलें फळ न तोडतां वेलीवरच सुकूं द्यावयाचें. वाळलेलें शिराळें आढ्याला टांगावयाचें. काकडीचें बीं राखेंत घोळून ठेवावयाचें. आणि शेजारणीनें मागितलें तर मूठभर द्यावयाचें. आतां बाजारांत संकरित बियाण्याच्या पुड्या मिळतात. पीक भरघोस येतें, पण त्या फळाचें बीं पुन्हा लावलें तर फळ तसेंच येईल याचा भरंवसा नसतो; दरसाल दुकान गांठावें लागतें. जुन्या बियांची साखळी अशी घराघरांतून तुटत आहे, आणि एकदां तुटलेली ती सरकारी बीजकोठारानेंही सहज सांधली जाणार नाहीं.

गणेशचतुर्थीला मुंबईचीं माणसें गांवीं येतात. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. तिला तवसें, पडवळ, कारलें, भोपळा लागतो. पुष्कळ घरांत हीं फळें आतां बाजारांतून येतात. चतुर्थीला वेलीवरचें तवसें हवें, तर बीं मृगांत पडावें लागतें. आणि मृगांत त्या घरांना कुलूप असतें.