वेतनी खेळाडूंचा पहिला संघ

बेसबॉल हा खेळ सभ्य गृहस्थांनी केवळ हौसेखातर खेळावा आणि त्यापोटी द्रव्य घेतलेच तर ते पडद्याआड घ्यावे, असा जो दांभिक शिरस्ता अमेरिकेत रूढ झाला होता, तो १८६९ साली ओहायो राज्यातील सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघाने उघडपणे मोडला. संघनायक हॅरी राइट हा जन्माने इंग्लंडातील शेफिल्डचा व पूर्वाश्रमीचा पेशेवर क्रिकेटपटू. त्याच्यासह दहाही खेळाडूंचा मुशाहिरा रीतसर मुक्रर झाला, आणि त्यांत त्याचा धाकटा बंधू, अद्वितीय क्षेत्ररक्षक जॉर्ज, याला हंगामापोटी १,४०० डॉलर, म्हणजे खुद्द नायकाहूनही अधिक, मिळाले. मूळचा सिनसिनाटीचा असा चार्ली गूल्ड तेवढा एकटाच होता.

नव्यानेच पूर्ण झालेल्या लोहमार्गाने थेट कॅलिफोर्नियापर्यंत दिग्विजय करणाऱ्या या संघाला त्या हंगामात पराभव ठाऊक नव्हता. परंतु १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या ‘अटलांटिक’ संघाने ११ डावांच्या झुंजीनंतर त्यास ८-७ असे नमविले, तेव्हा आश्रयदात्यांचा उत्साह ओसरू लागला व हंगामाअखेर हा वेतनी संघ बरखास्त झाला. राइटबंधूंनी बोस्टनला प्रयाण केले. तेथे हॅरीने उभारलेल्या संघाने १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे अजिंक्यपद राखले, आणि त्याचीच परंपरा मिलवॉकीमार्गे आज अटलांटाचा ‘ब्रेव्हज’ संघ चालवीत आहे.