रीसेटच्या बटणामागे

इंग्लंडातला माझा पहिला हिवाळा. जानेवारीतल्या एका सकाळी जाग आली तीच थंडीने. घरातले सगळे रेडिएटर गार पडले होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या बॉयलरवर लाल दिवा लुकलुकत होता, शेजारी एक आकडा आणि खाली रीसेटचं बटण. मी आणि माझा रूममेट दोघंही सॉफ्टवेअरवाले. बटण दिसलं की दाबायचं, एवढंच आम्हाला येतं. दाबलं. पंखा घरघरला, टिकटिक झाली, पोटात गुडगुडावं तसा आवाज आला आणि शांतता. पुन्हा टिकटिक, पुन्हा शांतता. मग लाल दिवा परत. आम्ही पुन्हा दाबलं. असं सात-आठ वेळा चाललं.

घरमालकाने ज्या गॅस इंजिनिअरचा नंबर दिला होता, त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो आकड्याबद्दल नव्हता. बटण कितीदा दाबलं, हे त्याला हवं होतं. आम्ही खरं ते सांगितलं आणि त्याचा सूर बदलला. आता हात लावू नका, म्हणाला.

मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं. आमच्या धंद्यात रिट्राय ही रोजची गोष्ट आहे. सर्व्हरने उत्तर दिलं नाही, तर थोडं थांबून पुन्हा विचारायचं. नाही आलं, तर आणखी थोडं थांबून पुन्हा. शंभरदा विचारलं तरी कुणाचं काही जळत नाही. मग बॉयलर चार-पाच प्रयत्न करून हात का टेकतो? एका चिपचं तर काम आहे, करत राहा म्हणावं रात्रभर. या प्रश्नाच्या मागे लागलो आणि सव्वाशे-दीडशे वर्षं मागे गेलो.

सुरुवात कोळशापासून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली मोठी घरं आणि शाळा तळघरातल्या कोळशाच्या भट्टीवर गरम होत. वर गारठा वाटला की कुणीतरी खाली जाऊन हवेची झडप उघडायची, उकडायला लागलं की लावायची. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. तिथे शिपाई वर्गावर्गात येऊन थर्मामीटर बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवायचा. तास चालू असताना होणाऱ्या या व्यत्ययातून जॉन्सनने वर्गातूनच तळघराला विजेने निरोप देणारं उपकरण केलं. 1883 साली त्याला पेटंट मिळालं. दोनच वर्षांनी मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ या मूळच्या स्विस माणसाने पुढची पायरी गाठली. खोली गार झाली की एक छोटी मोटर साखळी ओढून भट्टीची झडप आपोआप उघडणार. बुट्झची कंपनी हातोहात फिरत शेवटी हनीवेल झाली, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर आजही दिसतं ते नाव.

पण या दोघांच्या यंत्रांना एक सोय होती, जी गॅसला नाही. कोळसा आधीच पेटलेला असायचा. यंत्राने फक्त त्याला हवा कमी-जास्त द्यायची. चूक झाली तर खोली फार तर गरम किंवा गार होईल. गॅसच्या भट्टीत मात्र आग दर वेळी नव्याने जन्माला येते. थर्मोस्टॅटने मागितलं की गॅस सुटतो आणि त्या क्षणी तिथे ठिणगी किंवा ज्योत हजर नसेल, तर गॅस नुसता साठत राहतो. त्यानंतर उशिरा येणारी ठिणगी न येणाऱ्या ठिणगीपेक्षा वाईट.

हे लोक अनुभवाने शिकले, आणि त्या शाळेत आपल्या ओळखीचा एक शब्द भेटतो. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर नळाचं पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि आइसलंडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिलं. आपल्या बाथरूममधला गिझर तो हाच. आपण हा शब्द यंत्रासाठी जपून ठेवलाय. मॉनच्या गीझरला धुराडं नव्हतं. जळालेला वायू बाथरूममध्येच राहायचा. पुढच्या गीझरांना धुराडी आली, तरी ते पेटवणं हे धीराचं काम होतं. आधी छोटी ज्योत लावायची, मग पाणी, मग मोठा गॅस. क्रम चुकला किंवा काडी विझली, की दणका.

ती छोटी ज्योत, म्हणजे पायलट, सतत तेवत ठेवली तर दर वेळी काडी नको. पण पायलटच विझली तर? वाऱ्याच्या झोताने विझते, काजळीने विझते. मोठा गॅस सुटला तेव्हा ती जागेवर आहे की नाही, हे रिकाम्या घरात कोण बघणार? यावर निघालेलं उत्तर मला या सगळ्या कहाणीत सर्वांत देखणं वाटतं.

1821 साली थॉमस सीबेकला बर्लिनमध्ये दिसलं, की दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक सांधा तापवला की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. त्याला वाटलं हे चुंबकत्व आहे. खरं तर उष्णतेने वीज वाहू लागली होती. यालाच आपण थर्मोकपल म्हणतो. हे टोक पायलटच्या ज्योतीत धरलं की पंचवीस-तीस मिलिव्होल्ट मिळतात. पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या भागाइतके. त्यावर एक चिमुकलं विद्युतचुंबक चालतं आणि ते गॅसची झडप स्प्रिंगविरुद्ध उघडी धरून ठेवतं. ज्योत आहे तोवर वीज आहे, वीज आहे तोवर झडप उघडी. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सुटतं, स्प्रिंग झडप लावते. बाहेरची वीज नको, बॅटरी नको. आग स्वतःच स्वतःच्या हजेरीवर सही करत असते.

यात एक बारकावा आहे. ते चुंबक उघडी झडप धरून ठेवू शकतं, पण बंद झडप ओढून उघडू शकत नाही. तेवढी ताकदच नाही त्यात. म्हणून जुन्या बॉयलरची पायलट पेटवताना बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावं लागतं. झडप माणसाचं बोट उघडतं, चुंबक फक्त ती हातात घेतं. आणि एकदा सुटली, की कुणीतरी माणूस तिथे येऊन, वाकून, बघून बोट लावेपर्यंत ती बंदच राहते. जुन्या बॉयलरवरच्या सूचनेत आणखी एक ओळ असायची: विझल्यावर तीन मिनिटं थांबा, मगच पेटवा. साठलेला गॅस निघून जायला तेवढा वेळ.

म्हणजे रीसेटचा जन्म दुबळेपणातून झाला. यंत्र पुन्हा प्रयत्न करत नव्हतं, कारण करूच शकत नव्हतं. आणि तेच सुरक्षित ठरलं.

गॅस साठला की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण टेक्सासमधलं आहे. न्यू लंडन या तेलाच्या पैशाने श्रीमंत झालेल्या गावात नवीकोरी शाळा बांधली गेली. वास्तुविशारदाने मध्यवर्ती बॉयलर सुचवला होता. शाळेच्या मंडळाने त्याऐवजी इमारतभर सुटे गॅस हीटर बसवले आणि पैसे वाचवायला तेलविहिरींतून निघणाऱ्या फुकटच्या गॅसच्या नळाला जोडणी केली. गळती झाली. गॅस जमिनीखालच्या पोकळीत साठत राहिला. नैसर्गिक वायूला वास नसतो, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. 18 मार्च 1937 च्या दुपारी, शाळा सुटायला थोडा वेळ असताना, कार्यशाळेतलं विजेचं यंत्र चालू करताना ठिणगी उडाली. सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. आपल्या सिलिंडरला येणारा तो कुजकट वासही मुद्दाम घातलेला असतो.

ब्रिटनमध्ये वासाचा प्रश्न वेगळा होता. तिथे घरोघरी कोळशापासून बनवलेला गॅस यायचा, ज्याला मूळचाच वास होता आणि ज्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडही असायचा. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर 1967 ते 1977 या दहा वर्षांत देशातल्या सुमारे चार कोटी शेगड्या, गीझर आणि हीटर बदलले गेले, कारण दोन्ही गॅसना वेगळे बर्नर लागतात. घरोघर जाऊन. आमचं एखादं डेटाबेस मायग्रेशन दोन रात्री लांबलं की आम्ही केवढा गवगवा करतो!

नंतर पायलटही गेली. चोवीस तास गॅस जाळत बसणं परवडेना. तिची जागा ठिणगी आणि सर्किट बोर्डाने घेतली. आता ज्योत आहे की नाही हे कसं कळतं? ज्योतीतून वीज वाहते. बॉयलर एका बारीक सळईला एसी विद्युतदाब देतो, समोर बर्नरचा मोठा पत्रा. आकारातल्या फरकामुळे ज्योतीतून प्रवाह एका दिशेला जास्त वाहतो, म्हणजे एसीचा थोडासा डीसी होतो. काही मायक्रोअँपिअरच, पण पुरेसा. ओलावा किंवा काजळीने सळई बर्नरला टेकली, तर प्रवाह दोन्ही दिशांना सारखाच वाहील आणि बोर्डाला कळेल की ही ज्योत नव्हे. थोडक्यात, ज्योतीची नक्कल करता येत नाही. आमच्या कितीतरी लॉगिन पद्धतींपेक्षा हे पक्कं आहे.

या बोर्डाला मात्र थर्मोकपलचा दुबळेपणा नव्हता. त्याने ठरवलं तर तो रात्रभर ठिणग्या पाडू शकला असता. म्हणून तो दुबळेपणा त्याला मुद्दाम शिकवला गेला: पंख्याने आधी आतली हवा बाहेर ढकल, गॅस सोड, ठिणगी दे, काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर गॅस बंद कर. ठरावीक प्रयत्न संपले की कुलूप, आणि किल्ली माणसाकडे. आमच्या सात-आठ वेळा दाबण्याने घर उडालं नाही, ते त्या पंख्यामुळे. पण किल्ली आमच्याकडे ज्यासाठी दिली होती, ते बघणं सोडून आम्ही बाकी सगळं केलं होतं.

बघायला फार नव्हतं. थर्मोस्टॅटची बॅटरी जिवंत आहे का, वीज जाऊन टायमरचं घड्याळ चुकलंय का, गॅसची शेगडी पेटते का म्हणजे घरात गॅस येतोय का, बॉयलर गार असताना दाबाचा काटा एक ते दीड बारच्या दरम्यान आहे का. आमचं हे सगळं ठीक होतं. इंजिनिअरने फोनवरच मग विचारलं, बाहेरच्या भिंतीवरून पांढरी प्लास्टिकची नळी खाली येते ती बघितली का? आणि ते गुडगुडणं येतंय का?

इंग्लंडात 2005 पासून नवा बॉयलर कंडेन्सिंग जातीचाच बसवावा लागतो, काही अपवाद सोडले तर. धुरातली उष्णताही तो काढून घेतो, त्यामुळे धुरातल्या वाफेचं पाणी होतं, जोरात चालू असताना तासाला लीटर-दोन लीटर. ते या नळीने बाहेर जातं. 2010 चा डिसेंबर ब्रिटनमध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत थंड डिसेंबर होता. तेव्हा देशभर या नळ्या गोठल्या आणि ऐन थंडीत बॉयलर बंद पडले. उष्णता वाचवणारी नळी, तीच थंडीची पहिली बळी. आमचीही गोठली होती. नळीवर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, नाहीतर प्लास्टिक तडकतं. तीन जग ओतल्यावर आतून बर्फ सरकल्याचा आवाज आला. मग रीसेट एकदा दाबलं. फुस्स करून पेटला. त्यावरही तो बंद पडला असता, तर पुढचं काम आमचं नव्हतं. पुढचं कव्हर उघडायचा अधिकार तिथे नोंदणीकृत माणसालाच असतो. आणि गॅसचा वास आला असता, तर बटणं आणि दिवे सोडून मीटरजवळचा कॉक बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन फोन करायचा.

एक गोष्ट मात्र ज्योत ओळखणाऱ्या सळईलाही कळत नाही. ज्योत आहे, पण तिला पुरेशी हवा नाही. मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि ऑक्सिजनला जागा ठेवत नाही, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नारने 1850 च्या दशकात दाखवलं. ब्रिटनच्या कोळसाखाणींत तो ओळखायला कॅनरी पक्षी ठेवत, 1986 पर्यंत. या वायूला वास नाही. गॅसमध्ये घातलेला वास जळून जातो, त्यामुळे तोही मदतीला येत नाही. म्हणून तिथल्या भाड्याच्या घरांत बॉयलरजवळ त्याचा अलार्म असतो. आमच्याकडेही होता. टिकटिक वाजणारी स्मोक अलार्मची धाकटी बहीण समजून आम्ही त्याकडे बघितलंही नव्हतं.

त्या रात्री मी सांगलीला फोन केला. आमच्या घरी बारा वर्षं गॅस गिझर बाथरूमच्या आत आहे. मॉनच्या पहिल्या गीझरसारखाच, धुराडं नसलेला. थंडीत वारा येतो म्हणून व्हेंटिलेटरला बाबांनी पुठ्ठा लावलेला. दर हिवाळ्यात पेपरात बाथरूममध्ये गुदमरल्याची एखादी बातमी येते, ती आम्ही सगळेच वाचतो. बाबा म्हणाले, “अरे, बारा वर्षं काही झालं नाही.” मी म्हणालो, “बाबा, ज्यांच्या घरी झालं त्यांच्याकडेही आदल्या दिवसापर्यंत काही झालं नव्हतं. तुम्ही आधी तो पुठ्ठा काढा.”

पुठ्ठा त्याच रात्री निघाला. गिझर हलायला दोन महिने लागले. प्लंबरने तो मागच्या उघड्या बाल्कनीत लावला आणि भिंतीला भोक पाडून पाइप आत नेला. आता बाबांची तक्रार एवढीच आहे, की गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी जातं. ते त्यांनी कुंड्यांना घालायला सुरुवात केली आहे.