शर्यत वेगाची की तिजोरीची?

मोटारींच्या शर्यतीत सर्वांत वेगवान कोण, एवढाच प्रश्न असतो असे आपण समजतो. पण ‘फॉर्म्युला वन’चा इतिहास वाचताना मला त्याआधीचा प्रश्न पडतो : पैसा कोणाकडे अधिक होता?

१९८८ मध्ये मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, २००२ मध्ये फेरारीने १७ पैकी १५, तर २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१. दुसरीकडे, २०१४ मध्ये कॅटरहॅम आणि मारुशिया हे छोटे संघ आर्थिक डबघाईला आले. विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया २०१६ आणि २०१७ मध्ये चक्क चौथा आला होता. तरी २०१८ मध्ये तो प्रशासकांच्या हाती गेला. म्हणजे गुणवत्ता होती, गंगाजळी नव्हती.

ही दरी एकदा बुजली होती, ती एका इंजिनामुळे. फोर्डने १ लाख पौंड देऊन कॉसवर्थकडून ‘डीएफव्ही’ इंजिन तयार करून घेतले. जून १९६७ मध्ये हॉलंडमधील झांडव्होर्टला जिम क्लार्कने लोटसच्या गाडीत ते प्रथमच चालवले आणि शर्यत जिंकली. फोर्डचे वॉल्टर हेज मात्र काळजीत पडले. समोर प्रतिस्पर्धीच उरला नाही, तर अशा विजयाने कंपनीचे नाव कसे होणार? त्यांनी १९६८ पासून ते इंजिन इतर संघांनाही खुले केले. स्वतःचे इंजिन बनवणे ज्यांना झेपत नव्हते, ते छोटे संघही मोठ्यांशी झुंजू लागले. १९८२ मध्ये १६ शर्यतींत ११ वेगवेगळे विजेते झाले. विश्वविजेता केके रोझबर्ग याच इंजिनावर धावला, आणि त्याने जिंकली होती अवघी एक शर्यत!

पुढे मोठ्या कंपन्यांची महागडी टर्बो इंजिने आली आणि दरी पुन्हा रुंदावली. अखेर २०२१ पासून प्रत्येक संघाच्या खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली. ड्रायव्हरांचे मानधन त्यातून वगळले होते. पहिल्याच वर्षी मर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड झाला. परिणाम दिसायला वेळ लागला. २०२४ मध्ये मात्र सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या.

हेज यांनी स्वतःहून जे केले, त्यासाठी पुढे नियम करावा लागला. चुरस आपोआप टिकत नाही. ती जपावी लागते, हेच मला या इतिहासातून दिसते.