पुठ्ठ्याच्या धरणापासून नाल्याच्या नोंदवहीपर्यंत

सोलापूर हे प्रदर्शन पाहणाऱ्यांचे गाव आहे. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा भरला की लहानथोर सगळे तिकडे धावतात. जयंतीचे आणि गणपतीचे देखावे बघायला घरातल्या आजीसुद्धा रात्री उशिरापर्यंत जाग्या राहतात. मांडून दाखवलेली गोष्ट आपल्या लोकांना चटकन कळते आणि लक्षातही राहते. म्हणूनच शाळेच्या टेबलावर मुले जे पर्यावरणाचे प्रकल्प मांडतात, त्यांचा इतिहास या स्मरणिकेत थोडक्यात सांगावा असे आम्हाला वाटले. आपण ज्याला पोरांचा खेळ समजतो त्यामागे पन्नास वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि त्या परंपरेत आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना हक्काची जागा आहे.

आपल्या देशात मुलांचे राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन १९७१ सालापासून भरू लागले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीईआरटी, या संस्थेने ते सुरू केले. १९८८ साली त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य आणि मग देश अशा पायऱ्या पडल्या आणि विज्ञान प्रदर्शन हा शाळेच्या वर्षातला एक सणच झाला.

त्या काळी टेबलावर काय असायचं? धूर सोडणारा ज्वालामुखी, विजेची घंटा, पाण्याचा पंप आणि हमखास एक पुठ्ठ्याचं धरण. निळ्या रंगाचं पाणी, हिरव्या भुशाची शेतं, आणि भिंतीत एक छोटा दिवा. सोलापूरच्या मुलाने धरण करावे यात नवल नव्हते. आपल्याकडे वर्षाला सरासरी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळात आधीच्या पिढीने दुष्काळी कामांवर खडी फोडून दिवस काढले. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. धरण ही त्या पिढीची आशा होती. पण पुठ्ठ्याच्या त्या धरणात एक गोष्ट नसायची. पाणी शेवटच्या नळापर्यंत पोचतं का, किती दिवसांआड पोचतं आणि कसं पोचतं, हे काही त्यात दिसत नव्हतं.

पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात हळूहळू आला. ज्या १९७२ साली आपल्याकडे दुष्काळ होता, त्याच वर्षी जून महिन्यात स्वीडनमधील स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद झाली. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन तिच्यामुळेच आला. पुढे डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी गरीब माणसे झोपेतच मेली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली भारत जनविज्ञान जथा देशभर फिरला आणि त्याची सांगता भोपाळलाच झाली. पथनाट्ये आणि चित्रांचे तक्ते घेऊन कार्यकर्ते गावोगाव गेले. विज्ञानाचे प्रदर्शन शाळेच्या हॉलमधून रस्त्यावर आले ते अशा प्रयत्नांमुळे. नंतर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आले, आणि त्याच्या पाठोपाठ प्रकल्पवहीही आली.

मात्र खरा बदल घडला तो १९९३ साली, असे आमचे मत आहे. ग्वाल्हेरच्या एका विज्ञान केंद्राने मध्य प्रदेशात लहान प्रमाणावर सुरू केलेला उपक्रम त्या वर्षी देशपातळीवर नेण्यात आला. त्याचे नाव राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गट करून आपल्याच परिसरातला एक प्रश्न निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा, रोजच्या कामाची नोंदवही ठेवायची आणि शेवटी तक्ते लावून सगळ्यांसमोर सांगायचे. भाषा आपली चालते. शाळा सुटलेल्या मुलालाही त्यात भाग घेता येतो. सुरुवातीचा विषयच होता 'आपले पर्यावरण ओळखा'. पुढे २००४-०५ मध्ये पाणी, २००६-०७ मध्ये जैवविविधता आणि २०१८-१९ मध्ये स्वच्छ, हरित व निरोगी राष्ट्र असे विषय येत गेले. २००७ च्या डिसेंबरमध्ये तर ही परिषद आपल्यापासून फार लांब नसलेल्या बारामतीत भरली होती.

यात नवीन काय, असे कोणी विचारेल. फरक परीक्षकाच्या प्रश्नात आहे. पुठ्ठ्याच्या धरणापुढे उभा राहून परीक्षक विचारायचा, "हे कसं चालतं?" मुलगा पाठ केलेलं सांगायचा. नोंदवहीवाल्या प्रकल्पापुढे तो विचारतो, "हे तुला कसं कळलं?" आता पाठांतर कामाला येत नाही. मी रोज सकाळी सात वाजता जाऊन बघत होतो, मोजत होतो, लिहीत होतो, असंच सांगावं लागतं. धरणाची प्रतिकृती करायला पैसे लागतात, वडिलांचा हात लागतो. नोंदवहीला एक वही, एक पेन आणि रोज जाण्याची चिकाटी लागते. म्हणजे ज्याच्या घरी पैसा कमी, तो मुलगाही इथे मागे पडत नाही. आपल्यासारख्या गिरणी, यंत्रमाग आणि विडीच्या कामावर जगलेल्या घरांना ही गोष्ट फार मोलाची आहे.

सोलापुरात तर विषयांचा तुटवडाच नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेला सिद्धेश्वर तलाव गावाच्या मधोमध आहे. १८७१ सालचा एकरुख म्हणजे हिप्परग्याचा तलाव जवळ आहे, कंबर तलाव आहे. पांढरी-काळी रंगवलेली एक थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजा. पाणी किती गढूळ आहे त्याचा आकडा हातात येतो. महिन्यातून चार वेळा मोजलं की वर्षाचा आलेख तयार होतो. सूत रंगवल्यानंतरचं पाणी कुठल्या गटारीतून कुठं जातं, याचा नकाशा काढता येतो. नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी २०११ साली जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे चार तक्त्यांत मांडून दाखवणे हा मोठाच प्रकल्प आहे.

आणखी एक साधे उदाहरण देतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या वस्तीत २०० चौरस फुटांचे पत्रे पुष्कळ घरांवर आहेत. सोलापूरच्या सरासरी पावसाने हिशेब केला तर अशा एका पत्र्यावर वर्षाला सुमारे १० हजार लिटर पाणी पडते. गेली कित्येक वर्षे सोलापूरकराने दिवसांआड पाणी भरले आहे, घागरी आणि पिंप मोजून संसार केला आहे. आपल्याच पत्र्यावरून एवढं पाणी वाहून जातं हा आकडा पोराने आकडेमोड करून दाखवला, तर घरातली माणसं ऐकतात. सरकारी पत्रक वाचून ऐकत नाहीत.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी पाणी कोणाचे, हा प्रश्न जगापुढे मांडला. पाणी मिळवण्याचा हक्क सांगणाऱ्या समाजाच्या मुलांनी आता ते पाणी कसे आहे, किती आहे, कुणाला कमी मिळते हेही विचारावे, हे ओघानेच येते. तेव्हा अंगावर काठ्या झेलाव्या लागल्या. आज नोंदवही घेऊन जायचे आहे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली म्हणजे रेडीमेड मॉडेल आणि तयार प्रकल्पवह्या. दुकानातून आणलेला प्रकल्प टेबलावर ठेवून पोरगं बक्षीस घेऊन येईल, पण डोक्यात काही राहणार नाही. पर्यावरण वाचवा असा तक्ता थर्माकोलवर चिकटवून दुसऱ्या दिवशी तो नाल्यात फेकला जातो, हे तर हसावं की रडावं असं आहे. २०१८ साली महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा शाळांच्या प्रदर्शनांनाही पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे आणि कापड आठवावे लागले. हे चांगलेच झाले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रदर्शन संपतं, तक्ते माळ्यावर जातात, वह्या रद्दीत जातात. पोरांनी महिना-दोन महिने मोजलेलं सगळं किलोच्या भावाने विकलं जातं. पुढच्या वर्षीची मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. एका वर्षाच्या आकड्यांवरून फारसे काही सिद्ध होत नाही. दहा वर्षांचे आकडे असले तर ते नगरसेवकापुढे ठेवता येतात, महापालिकेत नेता येतात. शिवाय बहुतेक घरांत पाणी भरण्याचे काम मुलींकडे आहे. नळ कधी येतो, किती वेळ टिकतो, पहिले पाणी कसे येते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांची माहिती कुठेच लिहिली जात नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. दर वर्धापनदिनी विहाराच्या आवारात मुलांच्या प्रकल्पांसाठी दोन-चार टेबले मांडावीत. थर्माकोल नको, विकतचे मॉडेल नको. चार तक्ते आणि एक नोंदवही एवढेच. येणाऱ्या प्रत्येकाने पोरांना एक तरी प्रश्न विचारावा. आणि कार्यक्रम संपल्यावर त्या नोंदवह्या वर्षवार बांधून विहाराच्या वाचनालयातल्या कपाटात ठेवाव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना केगावच्या विज्ञान केंद्रात आणि नान्नजच्या माळावर नेण्याची जबाबदारी तरुण मंडळाने घ्यावी. वस्तीतल्या कोणत्या नळाला किती दिवसांनी पाणी येत होते, नाला कोणत्या महिन्यात काळा पडत होता, किती झाडे होती आणि किती उरली, हे पुढच्या स्मरणिकेत आपल्याच मुलामुलींच्या हस्ताक्षरावरून छापता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जय भीम!