हंगामभर गोलंदाजी: विक्रम आणि त्यामागचा भार

विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने २०२४-२५ च्या रणजी करंडक स्पर्धेत ६९ बळी घेऊन एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. त्याआधीचा उच्चांक बिहारच्या आशुतोष अमनचा (६८ बळी, २०१८-१९) होता. अमनने मोडलेला बिशनसिंग बेदी यांचा ६४ बळींचा विक्रम तर १९७४-७५ पासून अबाधित होता.

हे आकडे शेजारी ठेवताना सामन्यांची संख्या पाहणे अगत्याचे ठरते. अमनचे बळी आठ सामन्यांतले आणि प्लेट गटातले, म्हणजे बहुतांशी नवख्या संघांविरुद्धचे होते. दुबेला दहा सामने मिळाले. सात साखळीतले आणि तीन बाद फेरीतले. संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला तरच एवढे सामने वाट्याला येतात. मात्र त्यांतील पाच सामने २३ जानेवारी ते २ मार्च २०२५ या सुमारे चाळीस दिवसांत झाले. सौराष्ट्राच्या जयदेव उनाडकटने २०१९-२० मध्ये दहाच सामन्यांत ६७ बळी घेतले होते. वेगवान गोलंदाजाचे कष्ट लक्षात घेता प्रस्तुत प्रतिनिधीला तो पराक्रम अधिक अवघड वाटतो.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या या भाराची थेट नोंदच ठेवली जाते. अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेत प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा माइक मार्शल १९७४ मध्ये त्यांपैकी १०६ सामन्यांत उतरला. त्यात सलग तेरा सामन्यांचाही समावेश होता. सामना सुरू झाल्यावर मदतीला येणाऱ्या पिचरांपैकी साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच. पुढे त्याने व्यायामशास्त्राशी संबंधित विषयात डॉक्टरेटही मिळवली. न्यूयॉर्क मेट्सच्या पेद्रो फेलिसियानोला मात्र हा भार पेलला नाही. २०१० मध्ये ९२ सामने खेळल्यावर त्याचा खांदा दुखावला आणि पुढचे दोन हंगाम तो प्रमुख स्पर्धेत दिसलाच नाही.

आपल्याकडे असा भार वाहणाऱ्यांत पहिले मोठे नाव बाळू पालवणकर यांचे. पूना क्लबच्या मैदानावर दरमहा चार रुपये पगारावर ते काम करीत आणि इंग्रज सभासदांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. जे. जी. ग्रेग हा नामवंत फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करी. बाळूंना स्वतः फलंदाजी करण्याची संधी मात्र क्वचितच मिळे. दलित समाजातील या गोलंदाजाला पुण्याच्या हिंदू संघाने घेतले ते त्यांच्या फिरकीपायी. मैदानावर सहकाऱ्यांचे हात त्याच चेंडूला लागत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने २३ सामने खेळले आणि त्यांतील बहुतेक गमावले. वयाच्या पस्तिशीतील बाळूंनी या एकाच दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.