दोन नद्यांचा एक ओढा

ओढे मिळून नदी होते, असे आपण शाळेत शिकतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात मात्र उलटा प्रकार आढळतो. तेथे विंडोरा गावाच्या वरच्या अंगास थॉमसन आणि बार्कू या दोन नद्या एकत्र येतात, आणि त्यांच्या संगमापासून पुढच्या प्रवाहाचे नाव आहे कूपर क्रीक. क्रीक म्हणजे तिकडच्या बोलीत ओढा. आपल्या मुंबईकडची खाडी नव्हे.

हे नाव पडले १८४५ साली. खंडाच्या मध्यभागी समुद्र असावा, या आशेने निघालेला चार्ल्स स्टर्ट येथे पोहोचला. डोह विस्तीर्ण होते, पण पाणी वाहत नव्हते. नदी म्हणण्याची इच्छा असूनही त्याने तिला ओढाच म्हटले आणि न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचे नाव दिले.

पुढच्याच वर्षी टॉमस मिचेलला वरच्या भागातील प्रवाह सापडला. तो उत्तरेच्या समुद्राला मिळतो असे समजून त्याने त्यास व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. १८४७ मध्ये त्याचा सहकारी एडमंड केनेडी त्या काठाने चालत गेला, तेव्हा प्रवाह नैर्ऋत्येस, स्टर्टच्या ओढ्याकडे वळलेला दिसला. केनेडीने तेथील मूळ रहिवाशांकडून नदीचे नाव जाणून घेतले. तेच बार्कू हे नाव आज रूढ आहे.

स्टर्टने पाहिले ते खोटे नव्हते. पण तो एकच ऋतू होता. ही भूमी इतकी सपाट आहे की पूर आला म्हणजे नदी असंख्य फाट्यांनी कित्येक मैल पसरते, आणि अवर्षणात केवळ डोह उरतात. समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खोल असलेल्या एअर सरोवरापर्यंत तिचे पाणी क्वचितच एखाद्या वर्षी पोहोचते.

याच काठी १८६१ साली बर्क आणि विल्स हे प्रवासी उपासमारीने मरण पावले. त्यांचा साथीदार जॉन किंग वाचला, तो यांद्रुवांधा लोकांनी त्याला आपल्यात ठेवून अन्न दिले म्हणून. ज्या भूमीत परका उपाशी मेला, तीच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसत आली होती.

२०१२ साली एअर सरोवराच्या नावाला काटी थांडा हे मूळ नावही सरकारी रीतीने जोडले गेले. कूपर मात्र ओढाच राहिला. तेव्हा नकाशावरील नाव वाचताना ते कोणी दिले, कोणत्या ऋतूत दिले, आणि काठावरच्या माणसांना विचारून दिले काय, एवढे आपण अवश्य पाहावे.